परतीचा वारा: युरोपीय खलाशी, हिंदी महासागर आणि दोन्हीकडची देवाणघेवाण

ताई, तुम्ही शाळेत इतिहास शिकवता आणि तुमच्या पत्रात दोन प्रश्न आहेत. एक वर्गातल्या मुलांचा: "कोलंबस आणि वास्को द गामा शिडं उभारून निघाले, पुढे कधीतरी जमीन लागणारच होती, मग त्यात एवढं मोठं काय?" दुसरा तुमचा स्वतःचा: "पाठ्यपुस्तकात खंडाखंडांमधली सांस्कृतिक देवाणघेवाण असा उल्लेख येतो, पण ती घडली कशी, हे मिरची-बटाट्याच्या पुढे कुणी सांगत नाही."

माझं आयुष्य मालवाहू जहाजांवर गेलं, शेवटची बरीच वर्षं कप्तान म्हणून. या सफरींच्या रोजनिशा आणि पत्रं मी समुद्रावरच्या माणसाच्या नजरेने वाचत आलो आहे. त्यामुळे उत्तरही त्याच बाजूने देतो.

मुलांची शंका अर्धी खरी आहे. पाठीशी वारा घेऊन पुढे जाणं फारसं अवघड नव्हतं. अवघड होतं ते परत येणं. जो गेला आणि परतला नाही, त्याच्या सफरीचा इतिहासाला उपयोग नाही. कारण तो काय पाहून आला, हे सांगायला कुणीच उरत नाही. पंधराव्या आणि सोळाव्या शतकातल्या प्रत्येक मोठ्या सफरीत कळीचा प्रश्न एकच होता: परतीचा वारा कुठे मिळेल आणि कोणत्या महिन्यात? तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही बरंचसं यातच आहे.

सुरुवात आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून करू. मोरोक्कोच्या खाली, वाळवंटाच्या काठाने वर्षातला बहुतेक काळ वारा उत्तरेकडून किंवा ईशान्येकडून वाहतो. समुद्राचा प्रवाहही दक्षिणेकडेच ओढतो. इंजिनाच्या जहाजावरून जातानाही तो वारा आणि तो प्रवाह जाणवतो. उत्तरेला तोंड करून जाताना वेग हमखास कमी पडतो. मग नुसत्या शिडावर असलेल्या माणसाचं काय होत असेल? केप बोजाडोरच्या पुढे कुणी जात नव्हतं ते भुताखेतांच्या भीतीने, असं पुस्तकांत लिहिलेलं असतं. माझ्या मते ती भीती पुष्कळ अंशी व्यवहारी होती. किनारा उथळ, लाटा फुटतात, वाळवंटातली धूळ समुद्रावर येते, आणि एकदा खाली गेलात की वारा आणि प्रवाह दोन्ही तोंडावर. 1434 साली जिल इयानिश हा पोर्तुगीज खलाशी ते टोक ओलांडून परत आला.

यापुढची युक्ती पोर्तुगीजांनी हळूहळू, कित्येक फेऱ्यांमधून शिकली. घरी जायचं तर किनारा सोडून उलट भर समुद्रात, वायव्येला जायचं. अझोर्स बेटांच्या अक्षांशापर्यंत वर चढलं की पश्चिमी वारे मिळतात आणि ते तुम्हाला लिस्बनला आणून सोडतात. घर पूर्वेला असताना मुद्दाम पश्चिमेकडे जायचं, तेही जमीन नजरेआड करून! या वळणाला ते व्होल्टा दो मार म्हणत, समुद्राचा फेरा. अटलांटिकची सगळी गुरुकिल्ली या फेऱ्यात आहे.

कोलंबसला ती ठाऊक होती, कारण तो पोर्तुगीज जहाजांवर वावरलेला होता. म्हणून तो स्पेनहून थेट पश्चिमेला गेला नाही. आधी कॅनरी बेटांवर उतरला, तिथून 6 सप्टेंबर 1492 ला निघाला, ईशान्य व्यापारी वारे पाठीवर घेतले आणि 36 दिवसांत बहामा बेटांना लागला. परतताना त्याच वाटेने न येता उत्तरेला चढला आणि पश्चिमी वाऱ्यांवर अझोर्स गाठली. आपण कुठे पोचलो, हे त्याला मरेपर्यंत नीट कळलं नाही. वारे मात्र त्याने बरोबर ओळखले होते.

आता वास्को द गामा. इथे थोडं रेंगाळतो, कारण ही सफर आपल्या किनाऱ्याला येऊन मिळते आणि मुलांना सगळं समजावायला ही एकच पुरेशी आहे.

8 जुलै 1497 ला तो लिस्बनहून चार जहाजं घेऊन निघाला. केप व्हर्दे बेटांपैकी सांतियागो त्याने 3 ऑगस्टला सोडलं आणि आफ्रिकेच्या किनाऱ्याला चिकटून न जाता दक्षिण अटलांटिकमध्ये पश्चिमेला प्रचंड मोठं वळण घेतलं. पुन्हा जमीन दिसली ती 4 नोव्हेंबरला. तीन महिने नुसतं पाणी! कोलंबसच्या 36 दिवसांशी ताडून पाहा. किनाऱ्याकाठच्या उलट्या वाऱ्याशी झगडण्यापेक्षा लांबून जाऊन दक्षिणेतले पश्चिमी वारे गाठायचे, हा तो हिशोब होता. जहाजंही त्याला साजेशी होती. वाऱ्याच्या तोंडावर तिरकं चालायला त्रिकोणी शिडांचं छोटं कॅराव्हेल उत्तम; पण पाठीवरच्या वाऱ्याने महासागर तोडायचा तर चौकोनी शिडांचं, पोटात पाणी आणि धान्य मावेल असं मोठं जहाज लागतं. गामाची मुख्य जहाजं तशी होती. तीन वर्षांनी काब्राल हा दुसरा पोर्तुगीज कप्तान हेच वळण घेताना आणखी पश्चिमेला गेला आणि 22 एप्रिल 1500 ला त्याला ब्राझीलचा किनारा लागला.

विषुववृत्ताच्या खाली ध्रुवतारा दिसत नाही, मग अक्षांश काढायचा कसा? दुपारच्या सूर्याची उंची मोजून. पण त्यासाठी सूर्याची रोजची क्रांती, म्हणजे तो विषुववृत्ताच्या किती अंश उत्तरेला किंवा दक्षिणेला आहे, हे देणारे तक्ते हवेत. पोर्तुगीजांच्या कामी आलेले तक्ते अब्राहम झाकुतो या सालामांकाच्या ज्यू खगोलज्ञाच्या गणितावर आधारलेले होते, आणि ते गणित मुस्लिम व ज्यू पंडितांनी स्पेनमध्ये शतकानुशतकं जोपासलेल्या परंपरेतलं. 1492 मध्ये स्पेनने ज्यूंना हाकललं तेव्हा झाकुतो पोर्तुगालला आला. 1496 मध्ये त्याचे तक्ते तिथे छापले गेले. पुढे पोर्तुगालनेही ज्यूंवर तीच पाळी आणली आणि तो ट्युनिसला गेला. ज्याच्या गणितावर जहाजं चालली, त्याला त्या देशात राहू दिलं नाही. देवाणघेवाण ही अशी, जहाज बंदरातून सुटण्याआधीच सुरू झालेली असते.

आफ्रिकेला वळसा घालून गामा एप्रिल 1498 मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या मालिंदी बंदराला पोचला. इथून पुढचा समुद्र त्याच्यासाठी नवा होता. त्या बंदरातल्या लोकांसाठी मुळीच नव्हता. गुजरातचे, अरबस्तानचे, मलबारचे व्यापारी तिथे पिढ्यानपिढ्या येत होते. मालिंदीच्या राजाने त्याला एक वाटाड्या दिला. तो वाटाड्या म्हणजे प्रसिद्ध अरब नाविक इब्न माजिद, असं पूर्वी सर्रास लिहीत; आता अभ्यासक ते मानत नाहीत. सोळाव्या शतकातले पोर्तुगीज इतिहासकार त्याला गुजराती म्हणतात. त्यांच्यापैकी बारोश लिहितो की गामाने आपलं ॲस्ट्रोलेब, म्हणजे सूर्याची उंची मोजायची धातूची चकती, दाखवलं तेव्हा या वाटाड्याला त्याचं काहीच नवल वाटलं नाही, उलट त्याने हिंदुस्थानच्या किनाऱ्याचा आखलेला नकाशा आणि फळ्यांचं एक साधन पुढे ठेवलं.

ते साधन कमालच्या जातीचं. एक लाकडी फळी, तिच्या मधून ओवलेली दोरी, दोरीला गाठी. गाठ दातात धरायची, दोरी ताणायची, फळीची खालची कड क्षितिजाला आणि वरची ध्रुवताऱ्याला लागली की गाठीवरून अक्षांश कळतो. मोजमाप बोटांमध्ये; एक बोट म्हणजे साधारण 1 अंश 36 मिनिटं. अमुक बंदर म्हणजे अमुक बोटं, हे नाविकांना पाठ. हलत्या डेकवर जड ॲस्ट्रोलेब धरून सूर्य साधण्यापेक्षा हे किती सुटसुटीत आहे, ते वापरून पाहिलेल्यालाच कळेल. पुठ्ठ्याचा तुकडा आणि सुतळी घेऊन मुलांकडून करून घ्या. पोर्तुगीजांनी पुढे हे साधन आपल्याकडे उचललं.

24 एप्रिलला मालिंदी सोडली, 18 मे ला मलबारचा डोंगर दिसला. अरबी समुद्र सव्वातीन आठवड्यांत पार! नैर्ऋत्येचा वारा नुकताच लागत असतो आणि मान्सूनचा जोर अजून यायचा असतो, तो हा नेमका काळ. वाटाड्याने तो बरोबर साधला. कालिकतचा राजा झामोरीन याने त्यांची वाईट जागी नांगरलेली जहाजं आपला माणूस पाठवून जवळच्या पंतलायनीच्या सुरक्षित जागेत हलवली. किनाऱ्यावर उतरलेल्या पहिल्या पोर्तुगीजाला जी दोन माणसं भेटली ती ट्युनिसची होती, आणि त्यांना स्पेन आणि जिनोआच्या भाषा येत होत्या. "तुला इकडे कुठल्या सैतानाने आणलं?" हे त्यांचं स्वागताचं वाक्य गामाच्या सफरीच्या रोजनिशीत नोंदलेलं आहे.

आणि आता मी ज्या गोष्टीला सर्वांत जास्त महत्त्व देतो ती. गामाने राजासाठी नजराणा काढला: पट्ट्यापट्ट्यांचं कापड, टोप्या, पोवळ्यांच्या माळा, हात धुण्याची भांडी, साखर, तेल, मध. ते पाहून झामोरीनचे अधिकारी हसले. मक्केहून येणारा गरिबातला गरीब व्यापारीही यापेक्षा जास्त देतो, म्हणाले. मोठ्या शेठच्या पेढीवर चणे-फुटाणे घेऊन जावं, तसं झालं. बोलणी बिघडली, जकातीवरून वाद झाला, माणसं अडकवून ठेवण्यापर्यंत वेळ आली, आणि 29 ऑगस्टला गामा तिथून निघाला.

कोकणातल्या कुणाही तांडेलाला विचारा, ऑगस्टअखेर म्हणजे काय. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देऊन होड्या नुकत्या बाहेर पडू लागतात. आफ्रिकेकडे नेणारा ईशान्येचा वारा स्थिर होतो तो नोव्हेंबर-डिसेंबरात. जाणत्या व्यापाऱ्याने तोवर बंदरात मुक्काम केला असता. गामाला कालिकतमध्ये राहणं शक्य उरलं नव्हतं. तो उत्तरेला सरकत कारवारसमोरच्या अंजदीव बेटावर आला, जहाजं दुरुस्त केली, पाणी भरलं. तिथेही धास्ती होतीच. 5 ऑक्टोबरला त्याने अरबी समुद्रात जहाजं घातली.

पुढे काय झालं? वारा पडलेला, नाहीतर उलटा. येताना जे अंतर सव्वातीन आठवड्यांत कापलं, त्याला जवळजवळ तीन महिने लागले. हिरड्या सुजून दातांवर चढल्या, पाय सुजले, तीस माणसं मेली. एकेका जहाजावर काम करू शकणारे सात-आठच उरले. 7 जानेवारी 1499 ला मालिंदी गाठल्यावर गामाने आजाऱ्यांसाठी आधी मागवली ती संत्री. पुढे माणसं पुरेनात म्हणून साओ राफाएल हे जहाज स्वतःच जाळून टाकावं लागलं.

या मृत्यूंचं कारण स्कर्व्ही हे खरंच. पण समुद्रावर काम केलेला माणूस म्हणून मी कारणांची साखळी आणखी मागे नेतो. यजमानाशी कसं वागावं हे कळलं नाही, म्हणून बंदरात थांबता आलं नाही; थांबता आलं नाही, म्हणून चुकीच्या महिन्यात समुद्रात उतरावं लागलं. पैशाचा व्यवहार, रीतभात आणि वारा एकमेकांत असे गुंतलेले होते.

पॅसिफिकचीही हीच कथा, फक्त ती सुटायला जास्त वर्षं लागली. स्पेनच्या ताफ्याचा प्रमुख मॅगेलन याची माणसं 1521 मध्ये फिलिपिन्सला पोचली. तिथल्या लोकांशी पहिलं बोलणं केलं ते एन्रिके नावाच्या गुलामाने; मॅगेलनने त्याला मलाक्काहून आणलं होतं आणि त्याची मलय भाषा त्या बेटांवर चालली. मॅगेलन तिथेच मारला गेला. व्हिक्टोरिया हे जहाज लवंगा भरून, अठरा माणसांनिशी, आफ्रिकेला वळसा घालून स्पेनला पोचलं. त्रिनिदाद या त्याच ताफ्यातल्या जहाजाने पूर्वेकडे जात पॅसिफिक उलटा ओलांडायचा प्रयत्न केला आणि ते हरलं. त्यानंतरच्या मोहिमाही हरल्या. 1565 मध्ये उर्दानेता या संन्याशी झालेल्या जुन्या खलाशाने फिलिपिन्समधल्या सेबूहून निघून उत्तरेला, जवळजवळ 40 अंशांपर्यंत चढून पश्चिमी वारे गाठले आणि 8 ऑक्टोबरला मेक्सिकोतल्या आकापुल्कोला उतरला. त्याच मोहिमेतलं एक छोटं जहाज आधीच निसटून मेक्सिकोला परतलं होतं, ज्याचा वाटाड्या लोपे मार्तीन हा आफ्रिकी वंशाचा पोर्तुगीज होता. हा फेरा सापडल्यावर मनिला आणि आकापुल्को यांच्यामध्ये गलबतं 1815 पर्यंत ये-जा करत राहिली: इकडून चिनी रेशीम आणि चिनीमाती, तिकडून अमेरिकेतली चांदी.

आता तुमचा दुसरा प्रश्न. वाऱ्याचं वेळापत्रक म्हणजे माणसांच्या मुक्कामाचंही वेळापत्रक. लिस्बनचा ताफा मार्च-एप्रिलात निघे, सप्टेंबर-ऑक्टोबरात गोव्याला लागे आणि डिसेंबर-जानेवारीत परत फिरे. जाऊन-येऊन दीड वर्ष. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर उशीर झाला, तर मोझांबिक बेटावर पुढच्या मान्सूनची वाट पाहत महिनोन्‌महिने पडून राहायचं. या वाट पाहण्यात माणसं परक्या बंदरात राहिली, जेवली, आजारी पडली, वैद्याकडे गेली, लग्नं केली, भाषा शिकली. आणलेलं बी यजमानाच्या परसात पेरलं. व्यापारी माल उतरवून जहाज दुसऱ्या दिवशी सुटलं असतं, तर यातलं काही घडलं नसतं. आज कंटेनरचं जहाज एका दिवसात बंदर सोडतं, आणि खलाशाला गाव दिसतही नाही.

याचं उत्तम उदाहरण मराठी माणसाने अभिमानाने सांगावं असं आहे. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट, म्हणजे ख्रिस्ती धर्मप्रसारकांच्या एका संघातला माणूस, 4 एप्रिल 1579 ला लिस्बनहून निघाला आणि 24 ऑक्टोबरला गोव्यात उतरला. लगेच नोव्हेंबरात त्याने वडिलांना लिहिलेलं पत्र उपलब्ध आहे, आणि नौकानयनाच्या दृष्टीने ते सोनं आहे. पूर्व-पश्चिम प्रवास सर्वांत कठीण, कारण त्या दिशेने वाट दाखवणारा स्थिर बिंदू आकाशात नाही, असं तो लिहितो. म्हणजे रेखांशाचा प्रश्न त्याने प्रवासी असूनही अचूक हेरला होता. त्यांचं जहाज हिंदुस्थानजवळ आलो असं समजत असताना प्रत्यक्षात तांबड्या समुद्राच्या तोंडाकडच्या सोकोत्रा बेटाच्या बाजूला ओढलं गेलं होतं. जहाजावर दीडशेहून जास्त आजारी, त्यातले सत्तावीस मेले, आणि इतर वेळांच्या मानाने ही हानी फार नाही असं मानलं गेलं. किनारा जवळ आल्याच्या खुणा तो देतो: आधी ओळखीचे पक्षी, मग वाहत आलेल्या झावळ्या, मग पाण्यावर पोहणारे साप. समुद्री सापांची ही खूण या समुद्रातल्या नाविकांना फार जुन्या काळापासून माहीत होती. युरोपीय वाटाड्यांनी ती त्यांच्याकडून घेतली असणार.

हाच माणूस पुढे जन्मभर गोव्यात, साष्टीत राहिला, इथली बोली आणि ग्रंथांची मराठी शिकला, आणि त्याने अकरा हजारांच्या आसपास ओव्यांचं क्रिस्तपुराण रचलं. 1616 मध्ये ते साष्टीतल्याच रायतूरला छापलं गेलं. संतांची ओवी धर्मप्रसारासाठी वापरली, हे उघड आहे. पण ती इतक्या प्रेमाने आणि कसबाने लिहिली की मराठीच्या इतिहासात ती जागा कुणी नाकारू शकत नाही.

वनस्पतींबद्दल एवढंच: जे बी समुद्रावरचे महिने सोसतं, ते आधी पोचलं. वाळलेली मिरची, कवचातला काजू. ब्राझीलचा काजू 1578 पर्यंत कोचीनच्या बागांत दिसू लागला होता. अननस तर जहांगीरच्या काळात आग्र्याच्या बागेत हजारोंनी पिकत होते. तंबाखू अकबराच्या दरबारात गेला तो विजापूरहून. अकबराचा दूत असद बेग याने 1604-05 च्या सुमारास तो तिथून नेला. बादशहाने चार झुरके घेतले, हकीम नको म्हणत राहिला, आणि आपल्या ग्रंथांत नाही म्हणून नवी वस्तू टाकायची का, यावर भर दरबारात वाद झाला. उलट दिशेनेही पुष्कळ गेलं. कॅरिबियनच्या किनाऱ्यावर जो नारळ डुलताना जाहिरातींत दिसतो, तो हिंदी महासागरातला; पोर्तुगीजांनी आधी केप व्हर्दे बेटांवर नेला आणि तिथून तो पलीकडे गेला.

मात्र मुलांना हे सांगताना "देवाणघेवाण" एवढ्यावर थांबू नका, ताई, ही माझी कळकळीची विनंती आहे. 1518 च्या अखेरीस देवीची साथ कॅरिबियनमधल्या हिस्पॅनिओला बेटावर पोचली, 1520 मध्ये मेक्सिकोत, आणि तिथले समाजच्या समाज उद्ध्वस्त झाले. अटलांटिकचे तेच वारे आफ्रिकेतल्या सुमारे सव्वा कोटी माणसांना साखळदंडांत अमेरिकेकडे घेऊन गेले. गामा 1502 मध्ये परत आला तेव्हा त्याने मक्केहून परतणाऱ्या यात्रेकरूंचं जहाज बायका-मुलांसकट जाळलं. त्यानंतर आपल्याच समुद्रात फिरायला आपल्या व्यापाऱ्यांना पोर्तुगीजांचा कार्ताझ, म्हणजे परवाना, घ्यावा लागू लागला. जो समुद्र सर्वांना मोकळा होता, त्यावर पहारा बसला. मिरचीचा ठेचा आणि हा पहारा एकाच जहाजातून आले, आणि मुलांना दोन्ही एकाच तासाला कळायला हवेत.

वर्गात सुरुवात तारखांनी करा. फळ्यावर चारच लिहा: 24 एप्रिल, 18 मे, 5 ऑक्टोबर, 7 जानेवारी. जाताना 24 दिवस आणि येताना 94 का, हे मुलांनाच शोधू द्या. भूगोलाच्या पुस्तकातला मान्सून वाऱ्यांचा नकाशा शेजारी ठेवा. अंजदीव नकाशावर कारवारजवळ दाखवा. बेट कर्नाटकाच्या किनाऱ्यासमोर आहे, पण प्रशासनाच्या दृष्टीने आजही गोव्यात मोडतं. ते का, हा पुढच्या तासाचा प्रश्न होऊ शकेल.